एका चरातले दोन अभाव

विहीर विकत घेणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? दगडी बांधकाम, पाणी आणि मधली पोकळी. पोकळीचा दर मात्र कुणी लावत नाही.

अशाच एका पोकळीची ही गोष्ट. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये, क्रॅनबोर्न चेस भागातल्या रशमोर इस्टेटीत साउथ लॉज कॅम्प नावाचं एक चौकोनी आवार आहे. नावात कॅम्प असला तरी सैन्याचा काही संबंध नाही. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, कांस्ययुगात इथे शेतकरी राहत होते. त्यांनी भोवती चर खणला आणि निघालेली खडू-माती आतल्या अंगाला टाकून बांध घातला. ब्रिटनमध्ये अशी कित्येक आवारं कायद्याने जपली जातात. बांध जपणं समजतं, तो मातीचा आहे. पण चर? तिथे तर माती नसणं जपायचं.

या 'नसण्या'वरून आपल्याकडे दार्शनिकांचं कडाक्याचं भांडण झालेलं आहे. प्राभाकर मीमांसक म्हणतात, घडा नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीन. अभाव अशी वेगळी चीज नाही. नैयायिकांना हे मुळीच पटत नाही. अभाव हा खराच पदार्थ, डोळ्यांना दिसणारा. मात्र तो कशाचा हे सांगावं लागतं. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी.

साउथ लॉजच्या चराला 'तू कशाचा अभाव?' हा प्रश्न विचारला की गंमत होते. 1893 मध्ये जनरल पिट-रिव्हर्स यांनी (आडनावातच खड्डा!) हे आवार खणलं. जमीन त्यांचीच, आणि 1882 च्या संरक्षण कायद्याखाली नेमलेले देशातले पहिले निरीक्षकही तेच. शतकानुशतकं साचलेला गाळ त्यांनी चरातून उपसला आणि काम संपल्यावर आवाराचा आकार नीटनेटका करून ठेवला. म्हणजे अभाव दोन: शेतकऱ्यांनी काढलेल्या खडूचा आणि जनरलनी काढलेल्या गाळाचा. पहिल्याचा प्रतियोगी शेजारच्या बांधातच आहे. चराचं चरित्र मात्र त्या गाळात होतं. तेव्हा आज डोळ्यांसमोर आहे तो चर कांस्ययुगाचा, की व्हिक्टोरिया राणीच्या काळातला? नैयायिकाचं उत्तर इथे अधिक उपयोगी वाटतं, कारण तो निदान दोघांचा हिशेब वेगळा मांडतो.

पुढे 1977 ते 1981 दरम्यान जॉन बॅरेट आणि रिचर्ड ब्रॅडली यांनी तिथे पुन्हा उत्खनन केलं. आवाराच्या आत त्यांना घरांच्या खांबांचे खळगे सापडले. लाकूड कधीच कुजून गेलेलं. खांबांच्या जागा तेवढ्या शिल्लक. त्या जोडल्या की गोल घर उभं राहतं.

त्याच आवारात या उत्खननाच्या सुरुवातीआधी 84 वर्षं पिट-रिव्हर्स यांनीही शोध घेतला होता. त्यांना तिथे नुसती जमीन दिसली होती.