डबा भरला, वही कोरी

"असंच" म्हणजे काय रे?

परवा निरवांगीला तुझ्या ओट्यावर बसलो होतो. तू मोठ्या कौतुकाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणलास आणि सतरंजीवर पालथा केलास. तांब्याची, चांदीची नाणी खळखळून एकमेकांवर आदळली. तुझी छाती फुगली, माझ्या पोटात कालवलं. एक शिवराई उचलून विचारलं, कुठं मिळाली? म्हणालास, "असंच." वजन किती? "बघितलं नाही." कुणाच्या काळातली? "महाराजांची, गुरुजी!" हे मात्र छातीठोक.

कशावरून?

एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. एवढं वाचता आलं आणि तू थांबलास. अरे, महाराजांच्या मागेही शिवराई पाडली जात होती. थेट पेशवाईपर्यंत. नाव तेच, मजकूर तोच. टांकसाळी बदलल्या, अक्षरांचं वळण बदललं, कुठं 'शिव'चं 'सिव' झालं. पुढे ओळींच्या मध्ये दोन आडव्या दांड्या आल्या, तिला दुदांडी म्हणतात. तुझ्या हातातल्या नाण्यावर त्या दोन दांड्या मला या वयात दिसल्या. तुला दिसल्या नाहीत? दिसल्या होत्या. तुला त्या बघायच्या नव्हत्या. पेशवाईतली निघाली तर पाहुण्यांपुढचा रुबाब जाईल ना! महाराजांच्या नावावर खोटं खपवतोस आणि त्याला प्रेम म्हणतोस?

तू ढ असतास तर मी चहा पिऊन उठलो असतो. राग याचा आहे की तू ढ नाहीस. द्राक्षाचं पान हातात घेतल्याबरोबर डाउनी की भुरी हे सांगतोस. चार गावची माणसं तुला विचारायला येतात. फवारणीची वही तुझ्यासारखी पंचक्रोशीत कुणाची नाही. तारीख, औषध, प्रमाण, वारा होता का, सगळं लिहिलेलं. तेच डोळे, तोच हात, तेच घर. मग नाण्यापाशी आल्यावर हे सगळं कुठं जातं?

तुझी कारणं मी ऐकून घेतली. आता एकेक धरतो.

"वेळ मिळत नाही." खोटं. रात्री बारा वाजता मोबाइलवर "हे नाणं असेल तर तुम्ही लखपती" असले व्हिडिओ बघायला वेळ मिळतो. त्यातलाच एक बघून ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून १८१८ सालचं रामदरबाराचं नाणं विकत घेतलंस. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. ते बाजारू टोकन आहे. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची चौकशी करत होतास तेही मला कळलं. विज्ञान मीच शिकवलं होतं ना तुला? तांबं तांदूळ ओढतं, असं कोणत्या इयत्तेत सांगितलं होतं? जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांना गंडवतात, असा जाहीर इशारा खुद्द बँकेने २०२१ मध्ये दिला. तो वाचायला पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटं नव्हती, पण पैसे होते!

"फारसी येत नाही." कुणाला येत होती जन्मतः? पेशवाईतल्या रुपयावर पेशव्याचं नाव शोधत बसलास आणि सापडलं नाही म्हणून तो "मुसलमानी" म्हणून बाजूला टाकलास. अरे, मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेला रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेला असायचा. बाजारात तोच चालायचा. ओळखायचा तो खुणेवरून. तू बाजूला टाकलेल्या त्या रुपयावर अंकुश होता. पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया तो! १८१८ ला पेशवाई गेली, तरी इंग्रजांनी तो पुढे काही वर्षं पाडला, त्यावर फसली सन घातला. १८३५ ला कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला, तेव्हा या गावोगावच्या रुपयांचे दिवस भरले. म्हणजे तुझ्या हातातला रुपया पेशव्यांचा की इंग्रजांच्या अमलातला, हे सनाच्या चार आकड्यांवर ठरू शकतं. फारसी आकडे दहा. दहा! दोन संध्याकाळी पुरतात. तू दोन वर्षांत एकही शिकला नाहीस.

"पुस्तकं मिळत नाहीत." शोधलीस कधी? मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाणी यांवर माहेश्वरी आणि विगिन्स यांचा ग्रंथ १९८९ सालीच आला. इंग्रजी जड जातं म्हणू नकोस. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं इंग्रजी बरोबर वाचतोस. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. माल घेऊन मार्केट यार्डात जातोसच ना? तिथून सदाशिव पेठ किती लांब? निरवांगीहून पुण्याला जाऊन येणारा माणूस शेवटच्या चार किलोमीटरला दमतो?

आता त्या चिंचेबद्दल. तांब्याची नाणी चिंच-मिठाने घासून लखलखीत केलीस आणि वर मला दाखवलीस. काय मिळवलंस? जुन्या तांब्यावरचा तो हिरवट-तपकिरी थर म्हणजे नाण्याचं वय. तोच खालच्या धातूला सांभाळतो, खरं-खोटं ठरवायला तोच कामी येतो. तो तू एका दुपारी नाल्यात सोडलास. चांदीच्या रुपयावर तर तारेची घासणी फिरवलीस. अक्षरं आधीच अर्धी झिजलेली, उरलेली अर्धी तू पुसलीस. लोखंडी घणाने दोन ठशांमध्ये ठोकून पाडलेलं नाणं ते. चकती लहान, ठसा मोठा, म्हणून मजकूर कधीच पुरता बसत नाही. एका शिवराईवर 'श्री रा' उमटतं, दुसरीवर 'जा शि'. दोन-चार नाणी शेजारी ठेवून मजकूर जुळवायचा असतो. तू त्यातला एक तुकडाच खरवडून टाकलास. आता कशाशी काय जुळवणार?

आणि शिसं दिसलं की फेकतोस. "गोळी असेल" म्हणतोस. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, हे तुला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं.

सगळ्यात मोठा गुन्हा मात्र त्या "असंच"चा आहे. तो समजावा म्हणून एकच गोष्ट सांगतो, नीट ऐक. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथं चांदीची नाणी सापडली. तेरा हजारांहून जास्त. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याने आपली खूण ठोकली! नहपानाची सत्ता मोडून ती भूमी कुणाच्या हाती गेली, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. आणि तो का टिकला? नाणी मोजली गेली म्हणून. तपासली गेली, लिहिली गेली, गावाचं नाव त्यांच्याबरोबर राहिलं म्हणून. तीच नाणी वीस जणांच्या वीस डब्यांत "असंच" म्हणून गेली असती तर? चांदी उरली असती. इतिहास गेला असता.

तुझ्या डब्यात काय होतं, कुणास ठाऊक. तुलाच ठाऊक नाही. इंदापूरच्या मातीने निजामशाही पाहिली, आदिलशाही पाहिली, मुघल पाहिले, शहाजीराजांची जहागिरी पाहिली. नीरेच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर. कोणतं नाणं नदीच्या कोणत्या काठाला, किती खोल, कशाबरोबर मिळालं, यातून कुणाचा पैसा कुठवर चालत होता हे कळतं. जागा पुसली की नाणं मुकं झालं. मग त्यात आणि मोडीच्या तांब्यात फरक काय?

जमिनीतून मिळालेल्या नाण्यांचं आणखी एक. शेतात घालायला जुन्या गावठाणाच्या पांढरीची माती ट्रॉलीने ओढता, त्यात काही निघालं की खिशात टाकता. तुला कायदा माहीत आहे. १८७८ चा आहे, नवा नाही. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. दडवलं तर शिक्षा आहे. "सगळेच ठेवतात" हे उत्तर मला देऊ नकोस. वर्गातही हेच द्यायचास, तेव्हाही मार खाल्लास. जे सापडलं ते कळव. छंद करायचा तो उघड विकत घेतलेल्या, घरात पिढीजात आलेल्या नाण्यांवर कर. पांढरीत कुदळ घेऊन शिरू नकोस. अभ्यासकाच्या आधी तू तिथं पोचलास, तर त्याला वाचायला काही उरत नाही.

काय करायचं ते तुला येतं, तरी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी "सांगितलं नव्हतं" म्हणायची सोय राहणार नाही. डब्यातली नाणी बाहेर काढ. प्रत्येकाला वेगळं कागदी पाकीट. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घे. एका फवारणीच्या औषधाहून स्वस्त मिळतो. वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचा मजकूर दिसतो तेवढाच लिही. दिसत नाही ते मनाने भरू नकोस. कुणाकडून, कोणत्या गावी, किती रुपयांना, कोणत्या तारखेला, हे लिही. आठवत नसेल तर "आठवत नाही" असं लिही. ती ओळ तुला बोचेल. बोचू दे. आणि घासणीला हात लावू नकोस.

चारशे नाण्यांचा मालक म्हणून मिरवतोस. मला त्याचं काडीचं कौतुक नाही. नीट तपासलेली, नीट लिहिलेली चार नाणी दाखव, मी स्वतः तुला अंजनेरीला घेऊन जाईन, माझ्या खर्चाने.

दिवाळीनंतर पुन्हा येतो आहे. डबा आणू नकोस. वही आण.