हलाल, हराम आणि लोकलाज

एका विधुराचा मुलगा आणि एका विधवेची मुलगी. दोघेही सज्ञान, कमावते. एकमेकांशी निकाह करण्याची त्यांची इच्छा आहे, पण घरी सांगायचे धाडस झालेले नाही. तेवढ्यात नातेवाईक मुलाच्या वडिलांचा आणि मुलीच्या आईचाच रिश्ता जुळवू पाहतात. आता ही दोघे भाऊ-बहीण होणार काय? मोहल्ल्यात असा विषय निघाला की ‘तौबा तौबा’ म्हणून लोक मोकळे होतात. या ‘तौबा’चा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

शरियतीत उत्तर स्पष्ट आहे. निकाह कोणाशी हराम, हे सूरह निसाच्या २३व्या आयतीत सांगितले आहे. तीत आई किंवा बाप एक असलेली बहीण आहे, दूधबहीण आहे; बापाच्या नव्या पत्नीची, आधीच्या नवऱ्यापासूनची मुलगी नाही. औरंगजेबाच्या काळात सिद्ध झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’नेही बापाने एका स्त्रीशी आणि मुलाने तिच्या मुलीशी निकाह करण्यास हरकत घेतलेली नाही. दख्खनचे हनफी असोत वा कोकणातले शाफई, याबाबत मतभेद नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यातील निषिद्ध नात्यांच्या यादीतही हे नाते येत नाही.

मग अडते कुठे? थोडे शब्दापाशी अडते. बाप एक आणि आया दोन, तरी ‘सावत्र’. रक्ताचा थेंबही समान नाही, तरी ‘सावत्र’च. पहिले नाते हराम, दुसरे नाही. गंमत अशी, की वडीलधाऱ्यांचा निकाह झाला तरी ही दोघे एकमेकांना ना-महरमच राहतात. म्हणजे एका घरात पडदा पाळा, असेही आपणच सांगणार आणि भाऊ-बहीण म्हणून राहा, असेही आपणच!

बाकी सारे लोकलाजेचे आहे. ‘व्याही-विहीण नवरा-बायको झाले’ म्हणून लोक हसतील, या भीतीने कोणाला तरी त्याग करायला सांगितले जाते. बहुधा तो विधवेच्या वाट्याला येतो. हजरत खदीजा विधवा होत्या, हे आपण जलशात अभिमानाने सांगतो; आणि गल्लीतल्या पन्नाशीच्या बाईने निकाहाचे नाव काढले, की तिच्या वयाचा हिशेब मांडतो. ती मागे सरली नाही, तर मुलांना गप्प केले जाते. अल्लाहने जे हराम केले नाही, त्यासाठी दुसऱ्याचे आयुष्य मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

व्यवहारातली अडचण आम्ही नाकारत नाही. उद्या एका जोडप्यात बिनसले, तर दुसऱ्या जोडप्याच्या घरालाही तडा जाईल. सुनेची कैफियत ऐकणारी आई त्याच घरात सासूच्या जागी असेल. म्हणून राहणे वेगळे असावे, मेहर आणि मालमत्तेचे कागद स्वच्छ असावेत. पण ही सावधगिरी झाली, मनाई नव्हे.

मुलांवरही एक जबाबदारी येते. वडीलधाऱ्यांची बोलणी पक्की होण्याआधी त्यांनी आपले मन उघड करावे. सांगितल्यावर चारही माणसे समोरासमोर बसू शकतात. न सांगितल्यास एकाचा निकाह दुसऱ्याला फसवणूक वाटू लागतो. त्या बैठकीत शरियतीला विचारावे, एकमेकांच्या मनाला विचारावे. मोहल्ल्याला दावत द्यावी, त्याची परवानगी मागू नये.