गरज आणि भाडे

परक्या गावी उतरलेल्या प्रवाशाने वाहन कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर सोयीचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचाही आहे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कडेम नदीवरील कुंटाला धबधबा पाहण्यास सुटीत दूरदूरची मंडळी येतात. कित्येक पुढे माहूरास रेणुकामातेच्या दर्शनास जातात. शहराची सवय जडलेली ही मंडळी रिक्षावाला समोर उभा असताही प्रथम मोबाइलवरील ॲप उघडून पाहतात.

ही सवय अकारण जडलेली नाही. गोव्यात टॅक्सी मीटरविना धावतात व भाडे तोंड पाहून सांगितले जाते, ही प्रवाशांची जुनी तक्रार. २०१८ साली तेथील पर्यटन विकास महामंडळाच्या आश्रयाने ‘गोवामाइल्स’ हे ॲप निघाले, तेव्हा स्थानिक टॅक्सीवाल्यांनी त्यास कडाडून विरोध केला. त्यांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे. हंगाम थोडक्या महिन्यांचा, पोट मात्र बारमाही.

ॲपची ओढ केवळ स्वस्ताईची नव्हे. भाडे आधी कळते, घासाघीस टळते; प्रवाशाला हवा असतो तो दिलेला शब्द. दिवेलागणीस धबधब्यापाशी मुलाबाळांसह अडकलेल्या गृहस्थाकडे तिप्पट भाडे मागितले, तर त्याचा होकार कितपत खरा? दुसऱ्याची इच्छा वाकविण्याचे सामर्थ्य वापरून पदरात पाडून घेतलेला गैरवाजवी करार रद्द होऊ शकतो, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १६ व त्यापुढील तरतुदी सांगतात. प्रत्येक भाड्याचा तंटा न्यायालयात जाणार नाही; तथापि तत्त्व स्पष्ट आहे. अडलेल्याची गरज हे किमतीचे माप नव्हे.

मग हेच माप यंत्रास का लावू नये? गर्दीच्या वेळी ॲपने मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत घ्यावे, अशी मुभा केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत होती; २०२५ मध्ये ती दुपटीपर्यंत नेण्यात आली. माणसाने जादा मागितले की आम्ही त्यास लुटारू म्हणतो. यंत्राने मागितले की मुकाट्याने देतो. आकडा आधी दिसतो, एवढे श्रेय ॲपला द्यावे; परंतु आधी सांगितल्याने अन्याय न्याय्य ठरत नाही.

आणि आम्ही प्रवासी तरी निर्दोष कोठे? मंदीच्या दिवसांत रिकाम्या बसलेल्या रिक्षावाल्यास ॲपचे भाडे दाखवून त्याहूनही खाली ओढणे, त्याला परतीस रिकामे यावे लागेल हे विसरणे, दर्शन होईतो तासभर फुकट थांबविणे, हाही अडलेल्याचा फायदाच होय.

यास उपाय अवघड नाही. देवस्थानांच्या समित्यांनी स्थानिक चालकांशी बोलून अंतर, परतफेरी व थांबण्याचा आकार यांचे भाडेपत्रक ठरवावे, आणि ते पायऱ्यांशी, सर्वांस दिसेल असे लावावे. भाविकाने ते वाचून, त्याप्रमाणे पैसे द्यावेत. मग कोणी ॲप निवडो वा समोरची रिक्षा, त्या निवडीत कोणाची अडवणूक उरणार नाही.