चार तळहातांएवढी जमीन

दसऱ्याला आमच्या घरी शस्त्रपूजा होते ती अशी : माझे ब्रश आणि रंगांची पेटी, टाक-दौतीच्या जागी फाउंटन पेन, सौभाग्यवतीचे शिवणाचे यंत्र, मुलीची सायकल, आणि सर्वांत शेवटी दारातली मोटार. मोटार म्हणजे सेकंडहॅण्ड घेतलेली एक लहानशी गाडी. तिला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचा, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि गाडी हातभर पुढे घ्यायची. लिंबू चिरडले की पूजा संपली. गेल्या दसऱ्यापर्यंत टायर या वस्तूशी माझा संबंध एवढाच होता. त्या दिवशी लिंबू ठेवण्यासाठी मी खाली वाकलो, तेव्हा माझा चेहरा टायरपासून वीतभर अंतरावर होता. आणि तरीही त्याच्या खाचा झिजत चालल्या आहेत हे मला दिसले नाही. मी ड्रॉइंग मास्तर आहे. ‘आधी नीट पाहा, मग पेन्सिल उचला’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही.

जे दसऱ्याला दिसले नाही ते या आषाढात दिसले. आम्ही कऱ्हाडला राहतो आणि माझी सासुरवाडी चिपळूण. मध्ये कुंभार्ली घाट आहे. पावसाळ्यात या घाटाइतका देखणा रस्ता क्वचितच असेल, आणि इतका निसरडाही. संध्याकाळची वेळ होती, पाऊस कोसळत होता, आणि मी आपल्या समजुतीप्रमाणे अगदी बेताने गाडी उतरवीत होतो. एका वळणावर छत्री घेतलेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा रस्त्याच्या कडेने चालला होता. मी ब्रेक दाबला. चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. ओल्या फरशीवरून साबणाची वडी सरकावी तशी ती सरकत गेली आणि त्या मुलाच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर थबकली. पावसाच्या आवाजात त्याला काही ऐकू गेले नसावे. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. तो आपला चालत राहिला.

पोफळीला पोहोचेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. तिथे चहा घेताना सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “अहो, त्याला कळलंसुद्धा नाही हो.” हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. हा लेख म्हणजे त्या वाक्याभोवती घातलेल्या काही येरझारा आहेत.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तेवढ्याच. त्यामुळे शास्त्राचे काही अडले की मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठतो. त्यांनी गाडीच्या पुढच्या टायरवर बोट ठेवून दाखविले. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. मोटारीच्या टायरचे आयुष्य कायद्याने तिथे संपते. माझे पुढचे दोन्ही टायर त्या रेषेच्या खाली गेले होते. “मास्तर,” सर म्हणाले, “एक टायर जमिनीला किती टेकतो माहीत आहे? साधारण आपल्या तळहाताएवढा. म्हणजे चार माणसे आणि त्यांचे सामान घेऊन धावणारी ही गाडी चार तळहातांएवढ्या जमिनीवर उभी असते. पाऊस पडला की त्या तळहाताखाली पाणी शिरते. खाचा आहेत त्या पाण्याला वाट करून देण्यासाठी. वाट मिळाली नाही, तर रबर जमिनीला टेकतच नाही, पाण्यावर तरंगते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरच्या दुकानात गेलो. मालक अनुभवी आणि बोलका. त्याने आमच्या मापाचे तीन टायर पुढे ठेवले. पहिला मऊ चालीचा. गाडीत बसल्यावर त्याचा आवाज जवळजवळ येत नाही. दुसरा टणक, किंमत कमी आणि वर्षानुवर्षे झिजायचा नाही. तिसऱ्याची ओल्या रस्त्यावरची पकड उत्तम; पण तो गुणगुणतो, दुसऱ्यापेक्षा लवकर झिजतो, आणि त्याला आठशे रुपये जास्त पडतात. दोन टायरांचे सोळाशे.

“बहुतेक लोक कुठला घेतात?” मी विचारले.

“पहिला नाहीतर दुसरा,” तो म्हणाला. “अहो मास्तर, आवाज येतो म्हणून गिऱ्हाईक आठ दिवसांत परत येतं. लवकर झिजला म्हणून दोन वर्षांनी येऊन भांडतं. पकड कमी पडली म्हणून तक्रार घेऊन मात्र आजवर कुणी आलेलं नाही.”

तो सहज बोलून गेला, पण माझ्या अंगावर काटा आला. तक्रार करणारा कोण असणार? तो छत्रीवाला मुलगा थोडाच दुकानात येणार होता!

एकाच टायरमध्ये हे तिन्ही गुण का असू नयेत, असा प्रश्न कोणालाही पडेल. सरांनी तेही समजावून सांगितले. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत अंगाला बिलगते, म्हणून पकड चांगली. पण बिलगणारे रबर झिजतेही लवकर. टणक रबर झिजत नाही, कारण ते रस्त्याला फारसे बिलगतच नाही. खाचा रुंद केल्या की पाणी निघून जाते, पण त्यांत कोंडणारी हवा आणि रस्त्यावर आपटणारे रबराचे ठोकळे आवाज करतात. हे ठोकळे मी नंतर पट्टीने मोजून पाहिले, तर ते सगळे सारख्या लांबीचे नव्हते! सारखे असते तर टायरने एकच कर्कश सूर धरला असता. म्हणून कारखानदार ते मुद्दाम लहानमोठे करतात आणि आवाज अनेक सुरांत विखरून टाकतात. १९९० नंतरच्या काळात रबरात काजळीच्या जोडीला आणि काही अंशी तिच्या जागी सिलिका घालण्याची युक्ती रूढ झाली, आणि हे परस्परांशी भांडणारे गुण थोडे जवळ आले. पण भांडण मिटले असे नाही. एकाला झुकते माप दिले की दुसऱ्याचे थोडे कमी होतेच.

माझ्या कादंबऱ्यांतली माणसे मोठमोठ्या धर्मसंकटांत सापडतात. प्रेम की कर्तव्य, आई की पत्नी, असले पेच मी त्यांच्यापुढे टाकतो आणि त्यांच्याकडून उदात्त निर्णय करवून घेतो. त्या दिवशी मी स्वतः सोळाशे रुपयांच्या धर्मसंकटात सापडलो होतो, आणि उदात्त असे मला काहीच सुचत नव्हते. मुलीच्या क्लासची फी भरायची होती. घाटात काही आपण रोज जात नाही, असे मन सांगत होते. या तीन गोष्टी एका तराजूत घालायच्या तरी कशा? आवाज कानाला कळतो, किंमत खिशाला कळते. पकड कोणाला कळते?

आधी मला वाटले की उत्तर सोपे आहे. आवाज आणि किंमत माझ्या सुखाच्या गोष्टी. पकड दुसऱ्याच्या जिवाची गोष्ट. तेव्हा स्वार्थ सोडावा आणि पकड घ्यावी. पण सरांनी मला इतक्या स्वस्तात पुण्य मिळू दिले नाही. ते म्हणाले, “पकडीने तुमचाही जीव वाचतो, तेव्हा तो निव्वळ परोपकार नव्हे. आणि आवाज तुमच्या एकट्याचा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?” युरोपात २०१२ सालापासून नव्या टायरवर एक चिठ्ठी लावतात. तीत ओल्या रस्त्यावरची पकड, इंधनाची बचत आणि आवाज यांची नोंद असते. हा आवाज मोटारीत बसलेल्या माणसाच्या कानाशी मोजलेला नसतो. इंजिन बंद ठेवून, ताशी ८० किलोमीटरच्या सुमाराच्या वेगाने गाडी नुसती घरंगळत जाऊ देतात, आणि तिच्या मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर, रस्त्याच्या बाजूला, ध्वनिग्राहक ठेवतात. म्हणजे ती नोंद प्रवाशासाठी नाहीच; रस्त्याकाठच्या घरात झोपलेल्या माणसासाठी आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ साली नव्या टायरांसाठी याच तीन बाबतींत किमान मर्यादा घालून देणारे नियम काढले. परीक्षेत पास झाल्याखेरीज टायर विक्रीला येऊ नये, असा त्यांचा हेतू. पण पास होणे वेगळे आणि गुण किती पडले हे कळणे वेगळे, हे मास्तराला सांगायला नको.

मग पेच अधिकच वाढला. पकडीचा टायर घेतला तर घाटातला मुलगा वाचेल, पण रस्त्याकाठच्या एखाद्या म्हातारीची झोप मोडेल. दोघेही परकेच. आता निवड कशावरून करायची?

विचार करता करता मला एक कसोटी सापडली. ती माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाची आहे. तत्त्वज्ञांना कदाचित बाळबोध वाटेल. कोणत्या गोष्टीचा त्रास आपल्याला रोज होतो हे पाहू नये. कोणती चूक भरून काढता येते आणि कोणती येत नाही, हे पाहावे. सोळाशे रुपये पुन्हा मिळविता येतात. आवाज सोसता येतो, आणि वस्तीजवळ वेग कमी केला तर तो कमीही होतो. पण त्या वळणावरचे हातभर अंतर नाहीसे झाले असते, तर ते मला कोणत्या दुकानात विकत मिळाले असते? रोज टोचणारी गोष्ट मोठी वाटते आणि एकदाच घडणारी लहान, ही आपल्या मनाच्या तराजूतली पासंग आहे. ती काढून टाकली की माप पुष्कळसे सरळ येते.

मी तिसरा टायर घेतला. एक जोडीच घेतली. मागचे दोन अजून बऱ्या अवस्थेत होते. मालकाने सवयीप्रमाणे नवे टायर पुढे बसवायला घेतले. सरांनी त्याला थांबविले. नवी जोडी मागे आणि मागची पुढे, असा टायर बनविणाऱ्यांचाच सल्ला आहे. पुढचे चाक घसरू लागले तर ते सुकाणूला जाणवते आणि पाय आवरता घेता येतो. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि साध्या माणसाच्या हातात काही उरत नाही. चांगली वस्तू आपल्या हाताखाली असावी असे वाटते, पण तिची खरी गरज पाठीमागे असते.

एवढ्यावर प्रकरण संपले असे वाटले, तोच मालक म्हणाला, “जुन्या दोघांचे सहाशे कमी करतो.”

“त्यांचं काय करणार?”

“नेतो कुणीतरी. ज्याला नवा परवडत नाही तो.”

माझा धोका मी सहाशे रुपयांना दुसऱ्याच्या गळ्यात बांधणार होतो. मी नको म्हणालो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मास्तर, तुम्ही नाही दिले तर तो याहून झिजलेले घेईल. घरी चार तोंडं असतात त्याच्या. गाडी चालली नाही तर चूल पेटत नाही.”

या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही नाही. सोळाशे रुपये जास्त मोजून मी शहाणा ठरलो. ज्याच्यापाशी ते नाहीत त्याला मी कोणत्या तोंडाने शहाणपण सांगू? सुरक्षितपणा विकत घ्यावा लागतो, तेव्हा नीतीसुद्धा पैसेवाल्याच्या घरी राहायला जाते की काय, अशी भीती वाटते. एवढेच म्हणता येईल की सगळीच पकड विकत घ्यावी लागत नाही. पावसात वेग कमी करायला पैसे पडत नाहीत. हवा बरोबर आहे की नाही हे तपासायला फारसे पडत नाहीत. खाली वाकून खाचांत पाहायला तर मुळीच पडत नाहीत. आणि तेवढेसुद्धा मी, पैसे असून, केले नव्हते. पण म्हणून रेषेखाली गेलेला टायर दुसऱ्याला देणे बरोबर ठरत नाही. ‘तो याहून वाईट घेईल’ ही सबब खरी असली, तरी तिच्या आडून मला सहाशे रुपये घेता येईनात. मी ते टायर डिकीत टाकून शाळेत नेले. मुलांनी ते रंगविले, आणि आता मैदानाच्या कडेला ते अर्धे जमिनीत पुरलेले आहेत. लहान वर्गातली मुले त्यांच्यावर घोडा घोडा खेळतात. त्या गरीब गाडीवाल्याचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही, हे मला ठाऊक आहे.

यंदाच्या दसऱ्याला लिंबू ठेवण्यापूर्वी मी चारही चाकांच्या खाचांत बोट घालून पाहिले. मुलगी हसली. म्हणाली, “बाबा, पूजा करताय की तपासणी?” मी म्हटले, “दोन्ही एकच आहे, असं अलीकडे वाटायला लागलंय.”

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा चिपळूणला गेलो. गाडी गुणगुणत होती. पाटणच्या पुढे सौभाग्यवती म्हणाली, “आवाज जरा जास्तच आहे, नाही हो?” मी म्हटले, “आहे खरा.” आकाश निरभ्र होते, रस्ता कोरडा होता. ते वळण आले. तिथे कोणीही नव्हते. तरीही मी गाडी हळू केली, आणि तिने काही विचारले नाही.