‘सॉरी’ या शब्दाआड

आईच्या दफनविधीनंतर थोरल्या बहिणीजवळ जाऊन मी एवढेच म्हणालो, ‘सॉरी.’ तिने माझा हात दाबला. तिला ते सांत्वन वाटले. आईच्या अखेरच्या दुखण्यात सारी सेवाशुश्रूषा तिने एकटीने केली होती. मी नोकरीची सबब सांगत दूर राहिलो होतो. मला कबुली द्यायची होती. परंतु तिने घेतलेला अर्थ मी तसाच राहू दिला, कारण तो सोयीचा होता.

ही सोय त्या इंग्रजी शब्दातच आहे. रस्त्यात धक्का लागला तरी सॉरी, कुणाकडे मृत्यू झाला तरी सॉरी आणि घोर अपराध घडला तरी सॉरीच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ वेदनेशी, जखमेशी जोडलेले आहे. बोलणाऱ्याला दुखते आहे, इतकेच तो सांगतो. ते कुणामुळे, हे सांगत नाही. मराठीत मात्र निवड करावी लागते. खेद दुसऱ्याच्या चुकीबद्दलही होतो. फारसीतून आलेली दिलगिरी आता सरकारी पत्रांत आणि रेल्वेच्या फलाटावर उरली आहे. गाडी उशिरा आल्याबद्दल ती व्यक्त होते आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा उशिराच येते! क्षमा मागावी तर समोरचा ती नाकारू शकतो. आणि पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. तो समोर कुणी नसतानाही पोळतो.

ट्रेंटच्या विश्वमहासभेने 1551 साली पश्चात्तापाची व्याख्या केली, तेव्हा नुसते दुःख तिला पुरेसे वाटले नाही. घडलेल्या पापाचा तिटकारा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय, ही दोन्ही तिने त्यात घातली. नरकाच्या भयाने होणारा अपूर्ण पश्चात्तापही तिने धुडकावला नाही, हा केवढा दिलासा! पूर्ण पश्चात्तापाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी भरडून चूर्ण करण्याची क्रिया आहे. आपल्याकडे ताप, तिकडे जाते.

लूकलिखित शुभवर्तमानातला जक्कय तर खेदाचा एकही शब्द उच्चारत नाही. तो थेट हिशेबाला बसतो: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, फसवले असेल त्याला चौपट. माझ्या बाबतीत चौपट कशाची करणार? आईजवळ न बसलेल्या संध्याकाळी परत देता येत नाहीत.

गेल्या नाताळात बहिणीकडे गेलो तेव्हा म्हणालो, ‘ताई, तेव्हा मी यायला हवं होतं. चुकलं माझं.’

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘आई रोज संध्याकाळी विचारायची, आला का तो?’