खंदकाचे मोल

दौलताबादच्या बालेकिल्ल्याभोवतीचा खंदक माती उकरून केलेला नाही; तो कातळात खोदून काढलेला आहे. डोंगराचा पायथा तासून उभा कडा केलेला, त्याच्या तळाशी हा खंदक, तो ओलांडावयास एक अरुंद वाट आणि पुढे ‘अंधारी’चा काळोखा भुयारी चढ. येथे मूठभर माणसे मोठ्या फौजेला थोपवतील, हे पाहताक्षणी पटते.

आमच्या घरांतील मुले संगणकावर जे युद्धखेळ खेळतात, त्यांत हीच गोष्ट आकड्याने मांडलेली असते. ‘सिव्हिलायझेशन’सारख्या खेळात मोर्चा धरून बसलेल्या तुकडीचे संरक्षणबळ ठरावीक प्रमाणात वाढते. हा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. आणि तो जेथे अपुरा पडतो तेथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो, असे आम्हांस वाटते.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होते. रामदेवराय किल्ल्यात शिरला. फिरिश्ता सांगतो की, धान्य म्हणून आत घेतलेली पोती उघडली तो त्यांत मीठ निघाले! हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, वेढ्याचा निकाल कोठे लागतो हे ती नेमके सांगते. १६३३ साली महाबतखानाच्या मोगली फौजेने येथे वेढा घातला, तो दख्खन १६३०-३२ च्या दुष्काळात होरपळून निघाल्यावर. बाहेरचे तट सुरुंगांनी फुटले. आतल्या कातळी किल्ल्याचे काम मात्र भुकेने केले; मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने तो स्वाधीन केला.

खंदक लढणाऱ्याच्या दंडात बळ घालीत नाही, तो दिवस वाढवितो. त्या दिवसांचे मोल कोठारातून दिले जाते, आणि कोठार आटू लागले की घास प्रथम कमी होतो तो शस्त्र न धरणाऱ्यांचा. दौलताबादेत तटांच्या रांगा आहेत: अंबरकोट, महाकोट, कालाकोट. सामान्य रयतेची वस्ती सर्वांत बाहेरच्या अंबरकोटात. खंदक होता तो अगदी आतल्यांसाठी.

म्हणून खेळ रचणाऱ्याने खंदकाला झुंजीत बेताचे आणि काळात पुष्कळ मोल द्यावे. वाढलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर नगरातील माणसे उणी होताना खेळाडूला दिसावीत. कोणी म्हणेल, खेळाला इतके गंभीर का करता? बुद्धिबळात प्यादे मेले म्हणून कोणी सुतक पाळीत नाही. खरे आहे, पण बुद्धिबळ स्वतःला इतिहास म्हणवीत नाही. हे खेळ खरी नगरे, खरे राजे यांची नावे घेतात.

ख्रिस्तसभा न्याय्य संरक्षणाचा हक्क नाकारीत नाही. मात्र यशाची खरी आशा असावी आणि टाळावयाच्या अरिष्टाहून मोठे अरिष्ट ओढवू नये, अशा अटी ती घालते. लूककृत शुभवर्तमानातील प्रभू येशूच्या दाखल्यातला राजा दहा हजारांनिशी वीस हजारांना तोंड देता येईल का, हे आधी बसून मोजतो आणि जमत नसेल तर शत्रू दूर असतानाच वकील पाठवितो. खंदकाचा मोह हाच की, ही मोजणी आज नको, उद्या करू, असे तो राजाला सुचवितो.

रामदेवरायाने तह केला, जबर खंडणी दिली आणि पुढेही देवगिरीवर राज्य केले. अशा तहाला खेळात किती गुण द्यावेत?